परग्रहावरून आलेली नोटीस

दिनानाथ कर्णिक पेणला मोजणीदार होते आणि अकरा वर्षे विज्ञानकथा लिहीत होते. यातली पहिली गोष्ट तालुक्याला माहीत होती. दुसरी फक्त त्यांच्या पत्नीला, पोस्टमनला आणि पुण्या-मुंबईच्या सात संपादकांना. संपादक कथा परत पाठवत, पोस्टमन ती आणून देई आणि इंदुबाई न उघडता ट्रंकेत ठेवत. एकोणीसशे पंच्याऐंशी सालच्या गणपतीपर्यंत ट्रंकेत चंद्रावरच्या चार, मंगळावरच्या सहा आणि शनीवरच्या दोन कथा जमल्या होत्या.

शनीवरची दुसरी कथा त्यांनी रोह्याच्या सामाजी रोहेकरांना दाखवली होती. सामाजींचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हा त्यांचा धंदा आणि दिवाळी अंक हा षोक. ते बेने इस्रायली; त्यांचे बहुतेक नातेवाईक इस्रायलला जाऊन राहिले होते. त्यामुळे आपला अंक परदेशातही वाचला जातो असं ते जाहिरातदारांना सांगत, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी कथा वाचून परत केली.

"शनीवर कोणी राहतं की नाही मला ठाऊक नाही, कर्णिक," ते म्हणाले. "तुम्हालाही नाही. जिथली माती तुमच्या चपलेला लागलेली आहे तिथलं लिहा की."

त्या वर्षी दिनानाथांच्या चपलेला खारदेवळीची माती होती. धरमतरच्या खाडीलगतचं हे गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि दोहोंच्या मध्ये मातीचा बांध. उन्हाळ्यात त्यांनी तिथे तेवीस दिवस मोजणी केली होती. दुपारचं जेवण नाथा ठाकूर नावाच्या शेतकऱ्याकडे असे. त्याची बायको हौसा तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण वाढी.

त्यांनी लिहिलेली कथा अशी होती. साल दोन हजार एकतीस. निळ्या रंगाचे, तीन डोळ्यांचे परग्रहवासी पृथ्वीवर येतात. त्यांचं यान उतरायला सपाट जमीन लागते आणि खाडीकाठच्या खारजमिनीइतकी सपाट जमीन त्यांना आकाशगंगेत सापडत नाही. ते हल्ला करत नाहीत. रीतसर नोटीस काढतात, तीस दिवसांत हरकती मागवतात आणि एकही हरकत मान्य करत नाहीत. ही कल्पना आपल्याला सुचली याचं दिनानाथांना बरेच दिवस नवल वाटत होतं.

नोटिशीत जमिनींची यादी हवी होती. त्यांनी आधी आकडे मनाने घातले. पण मनाच्या आकड्यांची बेरीज कागदावर खोटी दिसू लागली. तेवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ते सहन होईना. मग त्यांनी खारदेवळीचे खरे तेरा सर्व्हे नंबर आणि त्यांचं खरं क्षेत्र घातलं. गावाचं आणि खातेदारांचं नाव तेवढं बदललं. नाव बदललं की कोणी दुखावत नाही, हा त्यांचा समज होता. ज्या गावात माणूस आपलं जन्मसाल विसरतो पण सातबाऱ्यावरचा नंबर विसरत नाही, तिथे हा समज कुठून आला हे सांगता येत नाही.

कथा सामाजींच्या दिवाळी अंकात छापून आली. दिनानाथांनी ती एका बैठकीत तीनदा वाचली आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की यादीतला शेवटचा नंबर, एकशे सतरा, गायब आहे. खाली एकूण क्षेत्र मात्र तेच होतं. पानाच्या तळाशी पोह्याच्या पापडांची जाहिरात होती. त्यांनी सामाजींना कार्ड टाकलं की बेरीज एक हेक्टर बेचाळीस आरने चुकते आहे. सामाजींचं उलट कार्ड आलं: जाहिरात आयत्या वेळी आली, एक ओळ काढावी लागली, वाचक बेरजा करत नाहीत.

लेखकाला मिळालेल्या पाच अंकांपैकी एक त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर नाथाकडे पाठवला. खाल्ल्या मिठाला जागण्याचा दुसरा मार्ग त्यांना माहीत नव्हता.

भाऊबीज होऊन आठवडा झाला, तेव्हा एका शुक्रवारी नाथा कचेरीच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. आत बोलावलं तरी येईना. शेवटी दिनानाथच बाहेर गेले. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं.

अंक गावात हातोहात फिरला होता. कान्हू म्हात्रेने तो देवळाच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचला. निळा रंग आणि तीन डोळे येईपर्यंत लोक हसत होते. नंबरांची यादी आली तसं हसणं थांबलं. उरणकडच्या जमिनी सरकारी प्रकल्पांत गेल्या होत्या, नागोठण्याकडच्या गेल्या होत्या. आता आपली पाळी आली आणि मोजणीच्या सायबाने गोष्टीच्या आडून कळवलं, असं गावाने धरलं. मग कान्हूने बेरीज केली. ती जुळेना. फरक एक हेक्टर बेचाळीस आरचा, म्हणजे नेमका नाथाच्या नंबराचा. सायब जेवला नाथाकडे, पुस्तक आलं नाथाकडे, आणि सगळ्या गावात सुटला तो नाथाचा नंबर.

"आता जोळ माज्या बांधावर येत नाय," नाथा म्हणाला.

खारदेवळीत बांधाची राखण जोळ करतो. घरटी एक माणूस, ज्याच्या शेताशी बांध खचेल तिथे सगळ्यांनी चिखल टाकायचा, असा तो पिढ्यांचा रिवाज. नाथाच्या शेताशी खेकड्यांनी पोखरून बांधाला भगदाड पडलं होतं. मंगळवारी पुनवेचं उधाण. भात कापून शेतात पडलेलं. खारं पाणी आत आलं की हे पीक गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन भात देणार नव्हती. नाथा आणि हौसा दोघं तीन दिवस चिखल टाकत होती. टाकलेला चिखल रोजची भरती नेत होती.

"तुमी येऊन सांगा, सायब. तुमचं आयकतील."

दिनानाथांनी शनिवारची रजा टाकली. सकाळी मारुतीच्या देवळापुढे तीसेक माणसं जमली. जोळाचा पुढारी जगन पाटील वयाने मोठा, कमी बोलणारा. त्याने सायबांना चटई दिली आणि चहा सांगितला. नाथाला कोणी बस म्हटलं नाही.

दिनानाथांनी समजावून सांगितलं. विज्ञानकथा म्हणजे काय, ती कशी रचतात, दोन हजार एकतीस साल अजून शेहेचाळीस वर्षं लांब आहे, परग्रहावर वस्ती असल्याचा पुरावा नाही. माणसं शांतपणे ऐकत होती. अकरा वर्षांत त्यांच्या लेखनाला इतका वेळ कोणी कान दिला नव्हता.

"ते लोक दुसऱ्या ग्रहावरचे आहेत," ते म्हणाले. "म्हणजे नाहीतच."

"भायेरचेच ना?" कान्हूने विचारलं.

"कान्हू, मी हे सगळं मनाने लिहिलंय."

"सायब, मन काय एवढं बारीक मोजतं?" कान्हू म्हणाला. "माजा नंबर भरतो शून्य हेक्टर त्र्याऐंशी आर. वडलांनी मोजला तवा त्र्याऐंशी, तुमी मोजला तवा त्र्याऐंशी, आनि तुमच्या मनातबी त्र्याऐंशी?"

माणसं हसली. जगन हसला नाही. त्याने सायबांची अडचण ओळखली होती आणि तसं तो सर्वांदेखत म्हणालाही: सरकारी नोकर आहेत, उघड कसं बोलतील, त्यांनी आडून सांगितलं हेच उपकार. त्यांना जास्त विचारू नये. प्रश्न सायबांचा नाही, नाथाचा आहे.

एकशे सतरा नंबर माझ्या हस्तलिखितात होता, छापताना गळला, असं दिनानाथांनी सांगितलं. जगनने मान हलवली. तसा कागद असला तर बघू, म्हणाला.

कागद रोह्याला होता. दिनानाथ दुपारच्या एस.टी.ने तिथे पोहोचले. शनिवार, सामाजींचा शब्बाथ, म्हणून छापखाना बंद होता. सामाजी घरी झोपाळ्यावर बसले होते. शनिवारी ते छपाईच्या खिळ्याला हात लावत नसत आणि हिशेबाचं बोलतही नसत. सगळी हकिगत ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, बेरीज खरंच कोणी केली का.

"तुमचा कागद तारेला टोचलेला असेल, डावीकडच्या," ते म्हणाले. "आज मी कुलूप उघडत नाही. किल्ली खुंटीला आहे. चोरी झाली तर मला ती उद्याच कळेल."

दिनानाथांनी आयुष्यातली पहिली चोरी केली. किल्ली परत खुंटीला लावून ते निघाले तेव्हा सामाजींनी त्यांना बजावलं, की हा कागद दाखवलात तर नाथा सुटेल, पण मग ही गोष्ट तुमची राहणार नाही. हे दिनानाथांना एस.टी.त बसल्यावर समजलं, आणि पेण येईपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

नाथाचा नंबर यादीत आहे हे सिद्ध झालं की यादी खरी ठरणार होती. यादी खोटी आहे हे सिद्ध करण्याचा मार्गच उरला नव्हता. घरी ते तो कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत होते म्हणून इंदुबाईंनी विचारलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अकरा वर्षांनी वाचणारे मिळाले, तर त्यांना पटलं याचंच तुम्हाला दुःख."

रविवारी पुन्हा देवळापुढे बैठक भरली. हौसा आली होती, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. दिनानाथांनी कागद जगनच्या हातात दिला. बारा नंबर आणि खाली, त्याच शाईने, एकशे सतरा, एक हेक्टर बेचाळीस आर. कान्हूने बेरीज केली. दोनदा केली. जुळली.

कान्हूने वर बघितलं नाही. म्हणाला, "हाय. नाथ्याचाबी हाय."

जगनने कागद उन्हाकडे धरून पाहिला. अक्षर सायबांचं आहे हे गावाला माहीत होतं; मोजणीच्या नोटिसा त्याच अक्षरात येत. पण त्याला नक्कल हवी होती. गावाच्या दप्तरात राहील, उद्या परत कोणी नाथाकडे बोट दाखवलं तर काढता येईल. आणि नक्कल म्हटली की खाली दोन शब्द आणि सही आलीच.

"जगनराव, शेवटचं सांगतो," दिनानाथ म्हणाले. "हे माझ्या डोक्यातून आलेलं आहे. कुठल्याही कचेरीत असा कागद नाही."

"व्हय सायब," जगन अदबीने म्हणाला. "आमी कुनालाच सांगणार नाय."

देवळामागे भरतीचं पाणी बांधाला लागल्याचा आवाज येत होता. हौसा उभीच होती.

दिनानाथांनी पाटीवर कागद ठेवून नक्कल उतरवली. निळ्या रंगाच्या परग्रहवासीयांच्या राजाचा हुकूम, तेरा नंबर, एकूण क्षेत्र, हरकतींची मुदत. खाली त्यांनी लिहिलं, 'मूळ कागदावरून खरी नक्कल', आणि सही केली. मूळ कागद त्यांचाच होता. लिहिलेल्या शब्दांत चूक काढता आली नसती. कचेरीचा शिक्का त्यांनी आणला नव्हता. तो कोणी मागितलाही नाही. गुप्त कागदावर शिक्का नसतो हे गावाला कळत होतं.

दुपारी ओहोटी लागली तसा जोळ निघाला. घरटी एक म्हणता म्हणता घरटी दोन माणसं आली. पहिलं घमेलं कान्हूने उचललं. हा त्याचा माफी मागण्याचा प्रकार होता आणि नाथाने तो मानला. बायका आपसात बोलत होत्या. ते निळे लोक भात खातात की नाही असा प्रश्न निघाला आणि रंभा नावाच्या एकीने खात नसतील तर बरं म्हणून सांगितलं. सायबांना बांधावर उभं राहायला कोरडी जागा करून दिली होती. थोड्या वेळाने त्यांनी चपला काढल्या आणि तेही रांगेत उभे राहिले.

भगदाड संध्याकाळच्या आत बुजलं. वर पेंढा घालून चिखल चोपला. मंगळवारचं उधाण पेलण्याइतका बांध उंच झाला आहे, हे जगनने काठी रोवून पाहिलं. दिनानाथांनी नजरेने मोजून तेच सांगितलं. माणसं हातपाय धुऊन पांगली.

नाथा मात्र बांधावर बसून राहिला. आपल्या शेताकडे बघत होता. दिनानाथ शेजारी जाऊन बसले तेव्हा त्याने आभार मानले नाहीत.

"पाच दिस गावानं टाकला व्हता," तो म्हणाला. "पन जमीन तरी वाचली म्हनून रातचा निजत व्हतो."

परग्रहावर वस्ती असल्याचा पुरावा नाही, हे दिनानाथांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. नाथाने मान हलवली, समजूतदारपणे, जशी जगनने हलवली होती.

हौसा खाली पाण्याच्या काठाशी घमेली धूत होती. तिने एकावर एक रचून ती उचलली.

"उठा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "सगल्यांची जाईल तवा आपलीबी जाईल. एकल्याची ऱ्हाऊन काय करायची व्हती? बांध कोन घालनार व्हतं?"

नाथा उठला आणि तिच्या हातातली निम्मी घमेली घेतली.