घरचं गिऱ्हाईक

बालवाडीतल्या ताईंचा शुक्रवारचा भाजीबाजार पालकांमध्ये भलताच नावाजलेला होता. जमिनीवर जुनी चादर पसरायची, तिच्यावर टोपल्या मांडायच्या आणि मुलांना दुकानदार करायचं. कुणी कोबीची पानं सोलून टोप्या करायचं. कुणी डोळे मिटून पिशवीत हात घालायचं आणि हाताला लागलं ते गाजर की मुळा, हे ओळखायचं. भेंडीचे ठसे उमटायचे, बीटाच्या रंगात बोटं बुडायची. ताईंचा नियम एकच होता, 'खा' हा शब्द काढायचा नाही. हुंगा, चिरडा, चाटा, नको वाटलं तर थुंका. खेळता खेळता एखादा तुकडा आपसूक पोटात जायचा आणि सोमवारी कुणाची तरी आई दारातच सांगायची, "ताई, काय जादू केलीत हो? पोराने चक्क गाजर मागून घेतलं!"

ताई हसायच्या आणि कमरेवर हात ठेवून पाठ सरळ करायच्या.

घरचं गिऱ्हाईक मात्र फार अवघड होतं. पाच वर्षांची लेक दिवसभर गरगरायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत. पण ताटावर बसली की तिचा धोंडा व्हायचा. भात, दूध आणि उकडलेला बटाटा. त्यात हिरवं-लाल काही दिसलं की ताट ढकललंच.

दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांशी लाडीगोडीने बोलून ताई घरी पोचायच्या, तेव्हा त्यांच्याजवळचा संयम पार खरवडून निघालेला असायचा. नवरा दुसऱ्या पाळीला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. स्वयंपाक, कपडे, भांडी. अशा वेळी भेंडीचे ठसे कोण उमटवत बसणार? मग नेमका तोच शब्द तोंडात यायचा. आधी 'खा बाळा', मग 'खा पटकन', मग नुसतंच 'खा!' भिंगरी घास गालात धरून बसायची, मिठाची गुळणी धरावी तशी.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," सासूबाई खाटेवरून म्हणायच्या. पुढचे शब्द त्या गिळायच्या, एवढाच काय तो उपकार.

एका शुक्रवारी भिंगरीच्या शाळेतली पाण्याची टाकी फुटली आणि शाळेला सुट्टी मिळाली. पोरीमागे धावणं सासूबाईंना जमणारं नव्हतं, म्हणून ताईंनी तिला बालवाडीत नेलं. कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसून भिंगरीने सगळा बाजार पाहिला. आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्या नाकावर बीटाचा लाल ठिपका होता. एका शेंबड्या पोराने चावलेली बीटाची चकती आईच्या तळहातावर थुंकली, तर आई म्हणाली, "वा! बघ, दातांची कशी नक्षी उमटली!"

"भिंगरे, ये ना तू पण," ताईंनी हाक मारली.

भिंगरी जागची हलली नाही. घरी येताना वाटेत एक अक्षर बोलली नाही. दमली असेल, ताईंना वाटलं. बरंच झालं, असंही वाटलं.

उरलेलं बीट टाकवेना म्हणून त्यांनी घरी आणलं होतं. उकडून, किसून त्यांनी ते वाटीत घातलं आणि भिंगरीपुढे सरकवलं. "खा पटकन. मला अजून भांडी घासायचीत."

भिंगरीने वाटी उचलली आणि जमिनीवर आपटली.

भिंतीवर लाल, फरशीवर लाल, नुकत्याच घडी केलेल्या कपड्यांवर लाल. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारला गेला. मारलं नाही त्यांनी, पण ज्या आवाजात त्या ओरडल्या, तो बालवाडीत कुणी कधी ऐकला नव्हता. सासूबाईसुद्धा दचकून उठून बसल्या. भिंगरी टेबलाखाली शिरली.

ताई फडकं घेऊन पुसायला खाली बसल्या, त्या बसल्याच. उठायचं त्राणच उरलं नव्हतं.

टेबलाखालून आवाज आला, "त्या मुलाला नाही ओरडलीस."

"कुठल्या गं?"

"तुझ्या हातावर थुंकला, त्याला. त्याला वा म्हणालीस. मला नुसतं खा, खा, खा."

ते माझं काम आहे, असं उत्तर ताईंच्या ओठावर आलं होतं. पण ते त्यांना स्वतःलाच ऐकवलं नसतं.

"मी तिथेच दमून जाते गं," त्या म्हणाल्या. "घरी येते ती नुसती उरलेली असते."

भिंगरीने यावर विचार केला असावा. "तुला आवडतं का बीट?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते.

"नाही. मातीसारखा वास येतो त्याला. मला लहानपणापासून नाही आवडत."

भिंगरी रांगत बाहेर आली. एवढी मोठी बातमी तिला आजवर कुणी सांगितली नव्हती.

"मग मला का देतेस?"

"चांगलं असतं म्हणून. आणि टाकवत नाही म्हणून."

उपड्या वाटीच्या तळाला थोडा कीस चिकटून राहिला होता. भिंगरीने त्याची चिमूट उचलून आईपुढे धरली. "आधी तू. मग मी."

ताईंनी खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. भिंगरीने चिमूटभर तोंडात टाकलं. "माती!" ती किंचाळली, आईच्या तळहातावर थुंकली आणि मान वर करून बघत राहिली.

ताईंनी तळहात दिव्याकडे धरून नीट न्याहाळला. "नक्षी नाही आली. चावलंच नाहीस तू."

भिंगरीने दुसरी चिमूट घेतली, चांगली चावली आणि मग थुंकली.

"झाला का तुमचा खेळ?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. मग पाय खाली सोडत, "त्या मोरीजवळ मला एक स्टूल ठेव. माझे गुडघे गेलेत, हात नाही गेले. भांडी मी घासत जाईन."

यानंतर भिंगरी शहाण्यासारखी जेवू लागली, असं काही झालं नाही. बीट ती आजही खात नाही. ताईंनी ते घरी आणणंच बंद केलंय. 'खा पटकन'ही अधूनमधून तोंडातून निसटतंच. पण भांडी घासायचा वेळ आता मोकळा असतो. तेवढ्या वेळात दोघी जमिनीवर बसून काहीतरी सोलतात, तोडतात, कुस्करतात. निम्मी भाजी वाया जाते.

परवा मटार सोलायला बसल्या होत्या. मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. भिंगरी शेंग फोडून एक दाणा वाटीत टाकत होती, आणि मग इकडेतिकडे बघत एक तोंडात. हिरवा, कच्चा दाणा. ताईंनी ते पाहिलं. कौतुकाचा शब्द जिभेवर आला होता, पण कौतुक केलं की ही अडून बसणार. त्यांनी तो गिळला आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

"आई, झोपू नकोस ना," भिंगरी भरल्या तोंडाने म्हणाली. "तुझ्या वाटणीच्या शेंगा तशाच आहेत."