शीड मिटत नव्हतं

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या काळात आमचे हे ‘माझं चुकलं’ असं दोनदा म्हणालेत. त्यातल्या एका वेळी अंगात ताप होता, म्हणून ते मी धरत नाही.

हे घड्याळं दुरुस्त करतात. दुकानात त्यांच्या हातून केसाएवढा स्क्रूही इकडचा तिकडे होत नाही. पण बाकीच्या जगाबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे, की बनवणारे प्रत्येक यंत्रात दोन भाग जास्तीचे घालतात. एकदा पंखा खोलला, जोडला, एक वॉशर उरला आणि पंखा फिरला. तेव्हापासून त्यांच्याशी या विषयावर वाद घालायची सोय राहिली नाही.

याच मताच्या जोरावर त्यांनी गेल्या आठवड्यात आमच्या होडीच्या पुढच्या शिडाची गुंडाळी खोलली.

गुंडाळी म्हणजे तशी साधी युक्ती. होडीच्या पुढच्या टोकापासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत एक जाड तार ताणलेली असते. डोलकाठीला पुढून धरून ठेवते ती हीच. शीड या तारेभोवती गुंडाळायचं. खाली चाक, वर फिरकी. मागे बसून दोरी ओढली की दोन्ही फिरतात आणि शीड मिटतं.

धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांच्या तारा आणि दोऱ्या बघणारी एक बाई आहे. तिला सगळे दोरवाली म्हणतात. तिनं बजावलं होतं, “काका, गोड्या पाण्यानं धुवा. मिठाचा कण राहू देऊ नका. तेल नको, ग्रीस नको आणि बाकी काही खोलू नका.”

ह्यांनी धुतलं, अगदी चकचकीत. मग शीड खाली उतरवलं. त्याचं वरचं टोक आणि फिरकी यांच्यामध्ये दीड हाताचा एक काळवंडलेला पट्टा होता.

“हा कशाला? थेट जोडता येतंय की.”

“अहो, तिला विचारा तरी.”

“तिला घड्याळातलं काही कळतं का?”

या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पट्टा निघाला, शीड थेट फिरकीला जोडलं गेलं. वारा नव्हता, होडी बांधलेली होती. ह्यांनी ते तीनदा मिटवून दाखवलं आणि तीनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. पट्टा दुकानात गेला. तिथे आता त्याला एका मोठ्या घड्याळाचं वजन टांगलंय.

रविवारी आम्ही तिघं निघालो. हे, मी आणि धाकटे भाऊजी. होडी दोघा भावांची सामाईक आहे. भाऊजी क्रेन चालवतात. जे हलत नाही ते अजून पुरेसं ओढलेलं नाही, एवढं साधं त्यांचं तत्त्वज्ञान. गुंडाळीचं काम आपण एकट्यानं, परस्पर आणि उत्तम केलं हे धाकट्याला ऐकवण्यात ह्यांची सकाळ मजेत गेली.

दुपारी वारा फिरला. पाण्याचा रंग बदलला, लाटांच्या माथ्यावर पांढरं दिसू लागलं. बंदराचं तोंड समोर होतं. दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधे एक होडी नीट जाईल एवढी वाट. शीड मिटवायचं, इंजिन लावायचं आणि आत शिरायचं, नेहमीचंच.

ह्यांनी दोरी ओढली. शीड निम्मं मिटलं आणि थांबलं.

“ओढ की, दादा.”

“ओढतोय.”

“ही ओढ आहे होय? सरक.”

भाऊजींनी ओढली, तरीही ते हलेना. अर्धं शीड वाऱ्यात फाडफाड आपटायला लागलं आणि त्या प्रत्येक आपटीला डोलकाठी तळापर्यंत हादरत होती. माझे पाय तिच्यापासून दोन हातांवर होते. मी ते पोटाशी घेतले. तेवढ्यानं काही फरक पडणार नव्हता, पण घेतले. असं शीड उघडं ठेवून त्या वाटेत शिरलो असतो तर वाऱ्यानं आम्हाला सरळ दगडांवर नेऊन घातलं असतं.

मी दोरवालीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“वर बघा, काकू. शेंड्यापाशी काय दिसतंय?”

दुर्बीण डोळ्यांना लावली. “शीड वर चढवायची दोरी आहे ना, ती तारेभोवती गुंडाळली गेलीय. वेणी घातल्यासारखी.”

“अगं बाई!” ती म्हणाली. “काका, फिरकीखालचा पट्टा जागेवर आहे ना?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी भाऊजींकडे पाहिलं.

“आहे,” हे म्हणाले.

“नक्की? कारण पट्टा असेल तर फिरकी उंच राहते आणि दोरी तारेपासून लांब. मग ती नुसती ढिली पडली असेल. जरा ताणा आणि गुंडाळी हातानं ओढून बघा. हातानंच हं, विंचचा दांडा लावू नका.”

भाऊजींनी चढावाची दोरी ताणली. मग गुंडाळीची दोरी उचलली आणि सरळ विंचच्या रहाटाला गुंडाळली.

“हातानं म्हणाली ती,” मी ओरडले.

“वहिनी, हातानं झालं असतं तर फोन कशाला केला असता?” त्यांनी दांडा बसवला. टक्, टक्.

वर कुठेतरी तार करकरली. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, पण तार तुटायला आलीय हे ओळखायला वेळ लागला नाही.

खरं तर मीच बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण या माणसाला मी आतून-बाहेरून ओळखते. धाकट्यासमोर मी ह्यांना उघडं पाडलं असतं तर ह्यांनी उलट माझ्याशीच भांडण काढलं असतं आणि तोवर दांडा फिरतच राहिला असता. म्हणून मी नुसती बघत राहिले, ह्यांच्या डोळ्यांत. असं टक लावून मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवत नाही.

टक्.

“थांब,” हे पुटपुटले. मग मोठ्यानं, “थांब म्हणतो ना! सोड तो दांडा!”

“अरे, येतंय आता...”

“पट्टा नाहीये. मी काढला. माझं चुकलं.”

भाऊजींचा हात दांड्यावर तसाच राहिला. फोनमधून दोरवाली म्हणाली, “सोडा. आधी ताण सोडा. हळूहळू. झटक्यात नाही.” मग म्हणाली, “आता नीट ऐका. शीड पूर्ण उघडायचं.”

“पूर्ण? या वाऱ्यात?” मी विचारलं.

“जेवढं मिटलंय तेवढं उलगडल्याशिवाय ती वेणी सुटणार नाही. होडी वाऱ्याला पाठ करून चालवा, म्हणजे पुढचं शीड मागच्या मोठ्या शिडाच्या आडोशाला जाईल. उघडलं की चढावाची दोरी सोडा आणि ते हातांनी खाली ओढा.”

म्हणजे कमी करायचं होतं ते आधी वाढवायचं, आणि तेही बंदराकडे पाठ करून. सुकाणू माझ्याकडे आलं. होडी वळली. मागचे दगड लहान होत गेले. पुढचं शीड एका धडाक्यात उघडलं आणि होडी अशी उसळली की भाऊजी गुडघ्यांवर आपटले.

“दुर्बीण!” हे ओरडले.

“सुटतेय,” मी म्हणाले. “अजून एक वेढा आहे. सुटली!”

भाऊजींनी चढावाची दोरी सोडली. हे पुढे रांगत गेले. ज्यांना मनगटावर पाण्याचा थेंब पडलेला चालत नाही, ते लाटेखाली बसून दोन्ही हातांनी शीड ओढत होते. हात-हात करत ते खाली आलं. त्याचा ढीग वाऱ्यानं उडायला लागला, तेव्हा हे सरळ त्याच्यावर आडवे झाले.

मोठं शीडही उतरवून इंजिनावर आत येताना आम्ही तिघंही वर बघत होतो. त्या तारेत किती जीव उरलाय ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

दोरवाली धक्क्यावर तयारच होती. दोरीच्या झुल्यात बसून ती डोलकाठीवर चढली आणि वरून तिनं हाक दिली, “या तारेत एकोणीस पदर आहेत. चार तुटलेत.”

खाली आल्यावर तिनं ह्यांना विचारलं, “काका, पहिल्यांदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

ह्यांनी हनुवटीनं भाऊजींकडे खूण केली.

“माझ्यामुळे?” भाऊजींचा चेहरा उतरला. “मी काय केलं असतं? हसलो असतो. वर्षभर हसलो असतो. पण तुला बुडवलं असतं का मी, दादा?”

“वर्षभर?” हे म्हणाले.

“दोन वर्षं.”

ओलं शीड धक्क्यावर पसरलेलं होतं. ते एकट्याला घडी करता येत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. हे एका टोकाला जाऊन उभे राहिले. ज्या बोटांत मिलिमीटरचा स्क्रू थरथरत नाही त्या बोटांना कापडाची कड धरवत नव्हती, म्हणून त्यांनी ती मुठीत कोंबली. भाऊजींनी ते पाहिलं. हसायची त्यांची वेळ तिथल्या तिथे आली होती.

“ताण, दादा,” ते म्हणाले. “हळू. मी धरलंय.”