सवाष्ण

“बोरं ठेव आता, बायना. आमदारासमोर बिया कुठं थुकशील?” आई म्हणाली.

“त्येंच्याच बागेत थुकते की. एखांदं झाड उगवलं तर तेवढं तरी काम झालं म्हणीन.”

परभणीच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आत आमदार नाश्ता करत होते. नागपूरचं अधिवेशन दोन दिवसांवर आलं होतं आणि त्याआधी त्यांना गाठायचं म्हणून आईनं ताडकळसच्या बायनाबाईंना पहिल्या एस.टी.नं बोलावून घेतलं होतं. मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी होती. आईला स्कूटीवरून सोडलं आणि मीही थांबले.

नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बायकांची ही संघटना. त्यांची मागणी एकच होती. या बायकांना स्वतःचं रेशनकार्ड हवं होतं. त्यासाठी आधी सासरच्या कार्डावरून नाव कमी करून आणा, असं त्यांना सांगितलं जाई. सासरचे ते करत नसत. नाव असलं की तेवढं धान्य जास्त मिळतं. “जिथनं हाकललं त्या घरात माझ्या नावचे गहू शिजायलेत,” असं बायनाबाई म्हणत.

आमदार बाहेर आले. सवयीनं निवेदन घ्यायला हात पुढे केला, पी.ए.नं मोबाइल वर धरला. आईनं कागद दिला, पण फोटोसाठी उभी राहिली नाही. ती खालीच बसून राहिली.

“साहेब, तेवढं मोठ्यानं वाचून दाखवा.”

“मी वाचतो ना ताई, गाडीत वाचतो.”

“आमच्यातल्या निम्म्या बायांला वाचता येत न्हाई. आमी काय मागायलोत ते आमाला बी कळू द्या.”

आमदार हसले आणि वाचू लागले. पहिल्या दोन ओळी सभेत वाचावं तशा दणक्यात गेल्या. पुढे गावांची नावं आली, कोण किती वर्षांपासून भावाच्या दारात राहते ते आलं, तसा त्यांचा आवाज उतरत गेला. मध्येच ते थांबले.

“पुढं वाचा दादा, अजून संपलं न्हाई,” बायनाबाई म्हणाल्या.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. घडी घालून कागद स्वतःच्या खिशात ठेवला. “अधिवेशनात मांडतो.”

“कोणत्या दिवशी?” आईनं विचारलं.

“ताई, तुमच्यापेक्षा विरोधी पक्ष बरा!”

“विरोधी पक्षाला रेशन मिळतं, साहेब.”

परतताना मी तिला विचारलं, की वाचायला लावून काय होतं? मागून माझ्या खांद्याला धरून ती म्हणाली, “हातात दिलेला कागद हाताखालच्याकडं जातो. तोंडातनं गेलेलं थोडं तरी आत राहतं. न्हाई मांडलं तर जाऊ आपण नागपूरला. तुझी थंडीची शाल मला दे फक्त.”

वाटेत तिनं मेथी घेतली, जुडी बारीक म्हणून भाजीवालीशी भांडली, आणि तिच्याच सुनेच्या तब्येतीची चौकशी करत तिथे इतका वेळ उभी राहिली की मी गाडी बंद केली. संध्याकाळी भाकरी टाकताना, मी कॉलेजात फार हळू शिकवत असेन, घरातच माझं बोलणं ऐकू येत नाही, असं म्हणाली. दिवस असाच गेला. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे, असं तेव्हा वाटलं नाही.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

सेलूला कुणी कळवलं ते मला माहीत नाही. दुपारच्या आत जीप दाराशी आली. व्यंकटराव काका उतरले, कमलबाई काकू उतरल्या, आणि शेवटी, जीपच्या दाराला धरून, माझे वडील.

काकूंनी पिशवीतून हिरवी साडी काढली, हिरव्या बांगड्या, कुंकवाचा करंडा. गल्लीतल्या बायका पुढे सरकल्या. “नशीबवान बाई. नवऱ्याच्या आधी गेली. सवाष्णीचं कुंकू लावून घ्या गं.”

“दादा अग्नी देतील,” काका वडिलांकडे हात करून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. “त्यांचाच हक्क हाय. फारकत झाली व्हती का? न्हाई ना? मग बायकोच ती.”

ते खरंच होतं. आईनं कधी फारकत घेतली नव्हती. दुसऱ्यांच्या कज्ज्यांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, स्वतःसाठी गेली नाही. “तोडायला काही असावं लागतं,” म्हणायची.

वडील ओट्यावर बसले होते. खिशातली दस्ती गुडघ्यावर पसरून तिच्या घड्या घालत होते, मोडत होते. थकले होते. मला त्यांचा राग आला नाही.

बायनाबाई आणि संघटनेच्या बायका आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. मंत्र्यांच्या गाड्या अडवणाऱ्या बायका, पण उंबरा कुणी ओलांडला नाही. घरची गोष्ट होती, आणि घरची मी एकटीच होते. बायनाबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

शाळेत, कॉलेजात, भाड्याचं घर घेताना मी एकच वाक्य बोलत आले: वडील सेलूला असतात. त्यात खोटं काही नव्हतं. पुढे कुणी विचारलं नाही. आईनंही ते कधी दुरुस्त केलं नाही.

काकूंनी साडीची घडी मोडली. मी त्यांचा हात धरला.

“हे नेसवू नका, काकू.”

“अगं, सवाष्ण हाय ती. तिला पांढऱ्यात न्यावं का?”

“रोज नेसायची त्या साडीत नेऊ.”

“राजेश्री,” काका म्हणाले, “मयताच्या घरी तमाशा नको. पाहुणे बघायलेत.”

मी ओट्याकडे गेले. वडिलांनी मान वर केली. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तशीच बोलले. आवाज मोठा करावा लागला नाही. सगळे ओट्याकडे वळले होते.

“तुम्ही आईला टाकलं होतं. मी पाळण्यात होते. ती तुमची कुणी नव्हती, माझी होती. अग्नी मी देणार आहे.”