आठ ठोक्यांची गंगम्मा

त्या सकाळी व्हाइटफील्डच्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळाभर टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करून थकलेले आम्ही आयटीवाले गुंडो अण्णांच्या विहिरीभोवती हात जोडून उभे होतो. म्हणजे बाकीचे हात जोडून. माझे खिशात होते.

विहिरीकडे पाठ करून गंगास्वामी बसले होते. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर. सोसायटीचे अध्यक्ष रत्नाकर यांनी मंतरलेला खडा अलगद सोडला. "गंगम्मा तायी, गंगम्मा तायी," स्वामी पाण्याच्या देवीला आळवत पुटपुटत राहिले. बुडुक आवाज आला.

"आई चौसष्ट फुटांवर आहे."

वजन बांधून दोर सोडला. बरोबर चौसष्ट! एकच जयजयकार झाला. ऑफिसात साध्या रजेलाही पुरावा मागणारे रत्नाकर स्वामींच्या पायांवर लोळले.

"गंगम्मा दोन घरी नांदत नाही," स्वामी गरजले. "मी दाखवीन तिथे माझ्याच माणसांकडून बोअर पाडून घ्या. पण आधी ही विहीर बुजवा!"

दगडमातीची लॉरी फाटकाशी उभीच होती. याच विहिरीवर अर्धी गल्ली उन्हाळा काढते, पण विहिरीच्या मालकीणबाई, अण्णांच्या पत्नी कृष्णाक्काच राजी होत्या. कारण अण्णा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, तेव्हाचा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी श्रीवत्स म्हणजेच हे स्वामी. मी अण्णांच्या वरच्या खोलीतला पुणेरी भाडेकरू, तरी न राहवून म्हणालो, "कृष्णाक्का, नका हो बुजवू."

"शुभंकर, ते पोरगं माझ्या हातचं जेवून वाढलंय. आम्हाला खोटं सांगंल काय? स्वल्प विश्वास ठेवा की!"

खडा पडत होता तेव्हा अण्णांची नजर मात्र स्वामींच्या बोटांवर होती, आणि तेव्हापासून त्यांचा चेहरा उतरला होता.

"श्रीवत्सा," ते म्हणाले, "आता एकदा मी खडा टाकतो. सरी? चालेल ना?"

"सर, तुमच्या हातून तर आई प्रसन्नच होईल." स्वामींनी डोळे मिटून जप सुरू केला.

अण्णांनी हात कठड्याच्या आत नेला आणि खडा जोरात खाली फेकला. बुडुक.

"छत्तीस फूट!"

"आत्ताच तर चौसष्ट म्हणालात?" रत्नाकर चाचरले.

"आई वर आली. गुरूंना दर्शन द्यायला."

अण्णांनी पुन्हा दोर सोडायला लावला. पाणी चौसष्टावरच होतं.

"शाळेत स्टॉपवॉच नव्हतं," अण्णा म्हणाले. "म्हणून मीच याला मांडीवर ताल धरायला शिकवलं. सेकंदाला चार ठोके. सोडलेला खडा सारख्या प्रमाणात वेग वाढवत पडतो. ठोके मोजायचे, त्यांचा वर्ग करायचा, जवळजवळ तेवढे फूट येतात. आठ ठोक्यांना चौसष्ट. पण खडा नुसता सोडला असेल तरच हे खरं. मी फेकला, त्याला सुरुवातीलाच वेग होता, तो सहा ठोक्यांत पोचला. यानं सहाचा वर्ग सांगितला. श्रीवत्सा, परीक्षेतही तू इथंच चुकायचास. आधी विचारायचं, सोडला की फेकला?"

श्रीवत्सच्या बोलण्यातलं स्वामीपण एकदम गळून पडलं. "सर, तुम्ही ओळखलंत तरी बोलणार नाही, असं वाटलं होतं मला."

"म्हणजे माझी माया पण तू मोजून ठेवली होतीस," अण्णा म्हणाले आणि कठड्यावर बसले.

कृष्णाक्कांनी त्याच्यासाठी आत पान मांडून ठेवलं होतं. त्यांनी ते उचललं आणि गाईपुढे ठेवलं. लॉरी आली तशी परत गेली. श्रीवत्स गेला तेव्हा त्या दाराशीही आल्या नाहीत.

आपल्याला वाटतं, फसवणारा कुठूनतरी लांबून येतो. हा तर सरांच्या पाया पडून आला होता. म्हणून सांगतो, चमत्कार दाखवणारा कितीही आपला असो, एकदा खडा स्वतःच्या हातानं टाकून बघा.

अण्णांनी त्या दिवसापासून ते ठोक्यांचं गणित कुणालाही शिकवलेलं नाही. गल्लीतल्या पोरांना आता मी शिकवतो. हे गणित आम्हा सगळ्यांना येत असतं, तर श्रीवत्सला स्वामी होताच आलं नसतं.