अमांच्या हॉटेलातलं जेवण

भूतानमधल्या ट्रोंग्सा गावाच्या अलीकडे, वळणावर, माझ्या सासूबाईंचं छोटं हॉटेल आहे. पर्यटकांना घेऊन निघालो की दुपारचं जेवण तिथेच. माझी बायको छोकी शिकायला ऑस्ट्रेलियात पर्थला गेली, त्याला चार वर्षं झाली. आधी रोज फोन यायचे, मग सणासुदीला, मग तेही बंद. पण अमा, म्हणजे सासूबाई, वाढताना म्हणायच्या, "कामात असेल पोरगी. येईल." तेवढ्यावर माझं चालायचं.

त्या दिवशी गाडीत एक वयस्कर जर्मन जोडपं होतं. लाल भात, चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, मुळा घातलेलं वाळवलेलं मांस. दोघं हाशहुश करत, नाक पुसत खात होते आणि पुन्हा मागत होते. अमा खूश.

"फुर्बा, यांना सांग, मिरची उरली तर दार लावून घेईन मी, संपेपर्यंत सोडणार नाही."

मी सांगितलं. बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "किती छान रांधतात या! मुलंबाळं किती, विचारा ना."

मी विचारलं. अमांचा हात भातावर थांबला.

"एकच मुलगी. पर्थला असते." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "तिथेच दुसरा संसार थाटलाय तिनं. गेल्या महिन्यात मुलगा झाला."

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. काही गाळलं नाही.

"अरे वा, आजी झाल्या की! अभिनंदन सांगा त्यांना."

"अमा, अभिनंदन म्हणतायत."

त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग गेलो.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"झालं वर्ष. दर वेळी ठरवायचे, आज सांगायचंच. तू जेवायला बसायचास, छोकीचं नाव काढायचास, की धीरच व्हायचा नाही रे. आणि सांगितलं, तर तू यायचा बंद होशील."

"येईन की."

"नाही यायचास. बस, दोन घास खाऊन जा."

मी बसलो. त्यांनी वाढलं. घास तोंडात नुसता फिरत राहिला.

आता मी ट्रोंग्सा ओलांडून थांबतो. पाहुण्यांची तक्रार नसते. परवा हॉटेलासमोरून जाताना अमा दारात उभ्या दिसल्या. गाडी ओळखून त्यांनी हात वर केला. मी हॉर्न वाजवला. थांबलो नाही.