गव्हाने घासलेल्या फळ्या

मंगळवारी सकाळी मी आर्नेआजोबांच्या दोन फळ्यांची वाट लावली. आणि वाट लावताना मी शीळ घालत होते, इतकी खूश होते.

आधी मामाच्या गॅरेजचं सांगते. ऑरेस्टमामाची गाडी बारा महिने बाहेर, बर्फात सुद्धा बाहेर. आत लाकूड. गावाबाहेरच्या कचराडेपोवर लोक जे टाकून येतात ते मामा उचलून आणतो. मोडके पलंग, दारं, कपाटं, एकदा अख्खा पियानो. पियानोचं कपाट झालं, एका दाराचं जेवायचं टेबल झालं, तुटलेल्या हॉकी स्टिकांच्या चार खुर्च्या झाल्या. मी मार्चमध्ये शाळा सोडली तेव्हापासून तिथेच असते. आई म्हणते, "शाळेत दोन तास बसवत नव्हतं तुला, तिथे कशी बसतेस?" मामाकडे बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. म्हणून जमतं.

आर्नेआजोबा म्हणजे आर्ने टॉरगसन. गावातलं ते उंच लाकडी धान्यकोठार होतं ना, रेल्वेच्या कडेचं, ते त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं. अकरा वर्षांपूर्वी ते पाडलं. आता आजोबा अठ्ठ्याऐंशीचे, आणि शनिवारी ते यॉर्कटन शहरातल्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. तिथल्या खोलीत पलंग आश्रमाचा, कपाट आश्रमाचं, घरची फक्त एकच वस्तू न्यायची परवानगी. आजोबांनी तळघरातून तीन फळ्या काढल्या आणि मुलीला, लॉरेलला, सांगितलं, ह्यांचं एक छोटं टेबल करून आण. बाकी काही नको.

मामा सकाळी ट्रक घेऊन कुणाचं तरी मोडकं गोदाम बघायला निघाला होता. जाता जाता म्हणाला, "आर्नेच्या फळ्या साफ कर, खिळे काढ. संध्याकाळी जोडू."

मी फळ्या बाकावर टाकल्या. जाड, करड्या, जुन्या. एक बाजू ठीक. दुसऱ्या बाजूवर नुसत्या लाटा. खोलगट चर, मध्येच गाठी टेंगळासारख्या वर आलेल्या. मला वाटलं पाण्याने सडल्या. पण हात फिरवला तर ती खराब बाजू काचेसारखी गुळगुळीत. सडलेलं लाकूड असं लागत नाही. ते मला खटकलं. खरं सांगते, खटकलं होतं.

पण आदल्याच दिवशी मी केलेल्या एका टेबलावर गिऱ्हाइकाचा कप डुगडुगला होता आणि मामा त्यांच्यासमोर म्हणाला होता, "आमच्या रॉक्सीला सपाट म्हणजे काय ते अजून शिकायचंय." त्यांच्यासमोर! माझं डोकं तेव्हापासून तापलेलं होतं. म्हटलं, थांब, तुला सपाट दाखवते. खिळे उपसले, लोहचुंबक फिरवून एकही राहिला नाही ना बघितलं, आणि फळी रंध्याच्या मशीनमध्ये घातली. चार वेळा. आतून लालसर, मधासारखं लाकूड निघालं. दुसरी घातली. तिसरी हातात घेतली तेवढ्यात मामाचा ट्रक आला.

मामा दारातच थांबला.

"हे काय?"

"सपाट केल्या. ठेव, कप ठेवून बघ."

मामाने कप ठेवला नाही. एक बादली उलटी केली आणि तिच्यावर बसला.

"रॉक्से, ह्या कशाच्या फळ्या आहेत?"

"कोठाराच्या."

"कोठारात कुठल्या?"

"लाकडाच्या. मला काय माहीत कुठल्या!"

मग त्याने सांगितलं. कोठारात वरपासून खालपर्यंत मोठमोठ्या कोठ्या असायच्या, आणि प्रत्येक कोठीचा तळ उतरता, धान्य आपोआप खाली घसरावं म्हणून. ह्या फळ्या त्या तळाच्या. साठ वर्षं दाणे त्यांच्यावरून वाहिले. मऊ लाकूड झिजलं, गाठी कडक म्हणून राहिल्या. त्या लाटा सडक्या नव्हत्या. त्या लाटांसाठीच आजोबांनी फळ्या जपल्या होत्या.

"मग सांगायचं ना!" मी ओरडले.

"त्यात सांगायचं काय? सगळ्या गावाला माहिती आहे."

"कोठार पाडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते!"

"अगं, शाळेत तरी…"

"शाळेत हे शिकवत नाहीत. म्हणून तर सोडली!"

मामा हसला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्याने जमिनीवरचा भुसा मुठीत घेतला आणि सोडून दिला. साठ वर्षांचं काम, आणि मी दहा मिनिटांत त्याचा भुसा केला होता.

"शनिवारी आर्ने ते घर सोडणार," मामा म्हणाला. "घरातली एकच वस्तू त्याच्याबरोबर जाणार. ती ही."

"तशाच फळ्या दुसरीकडे कुठे असतील?"

मामाने बोटं मोजली. एक फळी गावच्या हॉकी मैदानाच्या ऑफिसात, पण तिला वॉर्निश फासलंय. चर्चच्या ओसरीवर आहेत त्या कोठाराच्या भिंतीतल्या, साध्या. तळाच्या फळ्या मुळातच थोड्या निघाल्या होत्या. "स्टीव्ह बिलसने नेल्या होत्या दोन-चार. तो गेला बिचारा. त्याच्या बायकोकडे, झेल्माकडे असतील. पण तिच्याकडून काही निघायचं नाही. ती कुणाला काही देत नाही."

मी सायकल काढली.

बिलसांचं शेत चार किलोमीटर, सगळा खडीचा रस्ता. कापणी चालू होती, हवेत भुसा, दात करकरत होते. झेल्माकाकू अंगणात बीट उपटत होत्या. त्यांनी मला वरून खाली बघितलं.

"ऑरेस्टची भाची ना तू? शाळा सोडलेली?"

"हो. आणि तुम्ही झेल्माकाकू ना? कुणाला काही न देणाऱ्या?"

निघून गेलं तोंडातून. माझं असंच होतं. त्यांच्या हातात बीट होतं, मला वाटलं आता हे डोक्यात बसणार. पण त्या अशा हसल्या की कुत्रा उठून बसला.

"काय पाहिजे ते तरी सांग, म्हणजे नाही म्हणता येईल."

मी सगळं सांगितलं. मशीनचं सुद्धा. मग काकू मला कोंबड्यांच्या खुराड्यात घेऊन गेल्या. दांड्यांच्या खाली, कोंबड्यांची घाण झेलायला, फळ्या टाकलेल्या होत्या. वर बोटभर जाड थर. कुठली फळी काय, डोळ्याला काही कळेना. मी बाही वर केली आणि थरातून हात घातला. पहिली सपाट. दुसरी सपाट. तिसरीवर हात वर-खाली गेला.

"ही. आणि पलीकडची."

"स्टीव्ह म्हणायचा ह्या भारी फळ्या आहेत, बैठकीत लावू," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बैठकीत तुझे बूट आहेत तेवढे पुरे. पण मग माझ्या कोंबड्यांचं काय?"

"मी नवीन करून देते."

"कधी?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"आणि दार पण. दार तिरकं झालंय, कोल्हा आत बघत बसतो."

"आणि दार पण."

बुधवारी मी मामाच्या ढिगातली कपाटाची चार दारं छोट्या गाडीवर लादून सायकलमागे ओढत नेली आणि त्यांचा तळ केला. मुठी काढायला वेळ नव्हता, पितळेच्या मुठी तशाच राहिल्या. दाराला नवीन बिजागऱ्या, खाली एक पट्टी. काकू बघायला आल्या.

"कोंबड्यांना मुठी कशाला गं?"

"पाहुणे आले तर."

"माझ्या घरापेक्षा हे बरं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि मला स्वयंपाकघरात बसवून बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वाढल्या, वर कांदा आणि आंबट साय. अकरा खाल्ल्या मी. बाराव्याला त्याच म्हणाल्या, "आता पुरे, सायकल चालवायचीय तुला."

गुरुवारी धुण्याचं काम. मशीनला हात लावला नाही. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. वास असा की मामाने गॅरेजची दोन्ही दारं उघडली आणि स्वतः बाहेर उभा राहिला.

"सावकाश," तो बाहेरून ओरडला. "गव्हाला साठ वर्षं लागली, तू निदान निम्मी तरी घे."

"ठीक आहे, तीस वर्षांनी भेटू!"

पण खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. ब्रशखाली आधी काळं पाणी, मग तपकिरी, मग स्वच्छ, आणि मग एकेक लाट वर यायची. गाठीच्या मागे लाकूड कसं वळून जातं ते दिसायला लागलं, नदीत दगड असतो आणि पाणी त्याच्या बाजूने जातं, अगदी तसं. एका टोकाला चर उथळ, दुसऱ्या टोकाला खोल. मी आजोबांची उरलेली फळी मध्ये ठेवली, बिलसांच्या दोन फळ्या तिच्या दोन्ही बाजूंना, आणि तिन्हींची खोल टोकं एकाच बाजूला केली. फक्त कडा सरळ करून सरस लावला. शुक्रवारी जवसाचं तेल चोळलं. पाय एका जुन्या पलंगाच्या खांबांचे. आणि मी खराब केलेल्या दोन फळ्यांचा खाली एक कप्पा केला. टाकवेनात.

शनिवारी ट्रकमध्ये मामा म्हणाला, "हे बघ. तोंड उघडायचं नाही. त्याचे डोळे अधू झालेत. त्याला काही कळायचं नाही. उगाच म्हाताऱ्याचा दिवस कशाला खराब करायचा?"

"बरं," मी म्हटलं.

आजोबांची नवी खोली एवढीशी. खिडकीतून गाड्या उभ्या केलेल्या दिसत होत्या. लॉरेल कपाटात शर्ट लावत होती, आजोबा खुर्चीत बसले होते, डोक्यावर टोपी, जणू आत्ता परत निघायचंय. आम्ही टेबल पलंग आणि खिडकीच्या मध्ये बसवलं. आजोबांनी खुर्ची ओढली आणि दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. मग उजवा हात हळूहळू सरकवला.

"ही माझी," मधल्या फळीवर हात ठेवून ते म्हणाले. मग डावीकडे. "ही नाही." मग उजवीकडे. "ही पण नाही."

मामा छताकडे बघायला लागला.

"ऑरेस्ट, माझ्या दोन फळ्या कुठे आहेत?"

"आर्ने, त्याचं असं झालं की…"

"मी रंधा मारला," मी म्हटलं. "मशीनने. मला वाटलं सडल्यात. मामा नव्हता, मीच केलं. खाली कप्पा आहे ना, त्या त्या."

लॉरेलच्या हातातला शर्ट तसाच राहिला. आजोबांनी वाकून कप्प्यावर हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"सपाट आहे," ते म्हणाले. "कुणीही करेल असं."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

"आणि ह्या दोन कुठून आणल्या?"

"झेल्माकाकूंकडून. बिलसांच्या खुराड्यातून."

आजोबांचा हात थांबला. मग त्यांनी उजवीकडच्या फळीवर नाक टेकवलं, खरंच टेकवलं. मग टोपी काढली.

"स्टीव्ह बिलस! चार नंबर!" ते एवढ्यांदा ओरडले की पलीकडच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. "लॉरेल, ही चार नंबरची कोठी आहे! गावातला सगळ्यात चांगला गहू मी चार नंबरला टाकायचो. पाडलं त्या दिवशी ह्या फळ्यांवर मी खडूने माझं नाव लिहिलं आणि जेवायला गेलो. येऊन बघतो तर गायब! मला दोन नंबरच्या कोठीच्या, जवाच्या फळ्या घेऊन घरी यावं लागलं. तो जाईपर्यंत मी त्या माणसाशी चर्चमध्ये हात मिळवत होतो, आणि ह्याने… कोंबड्यांखाली?"

"कोंबड्यांखाली," मी म्हटलं.

"धुतल्या ना नीट?"

"तीन वेळा."

ते हसायला लागले. मामाने छतावरून नजर काढली.

"हसतोय म्हणून माफ केलं असं समजू नकोस, पोरी," आजोबा मला म्हणाले. "जवाच्या का होईना, त्या माझ्या होत्या. जे लाकूड आपल्याला कळत नाही त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"आणि जव आणि गहू एका जागी! माझ्या कोठारात असं झालं असतं तर मला घरी बसवलं असतं." त्यांचा हात पुन्हा फिरत होता, तिन्ही फळ्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "खोल बाजू तिन्हीची एकीकडे आहे. ऑरेस्ट, तू सांगितलंस हिला?"

"मी नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "दिसत होतं."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अधू असतील, पण बघितलं नीट.

"दिसत होतं, तर मग टेबल उलटं का ठेवलंस? खोल बाजू म्हणजे खालची बाजू. धान्य तिकडे वाहतं. तू माझा सगळा गहू खिडकीतून बाहेर पाठवलायस. फिरव. माझ्याकडे येऊ दे."

टेबल फिरवायला पलंग हलवावा लागला, पलंग हलवायला कपाट. मी आणि मामा दोन बाजूंनी टेबल उचलून अडकून उभे, लॉरेल पलंगावर गुडघे टेकून, आणि तेवढ्यात नर्स आली. "अहो, हे काय चाललंय इथे?"

"गहू फिरवतोय," आजोबा म्हणाले. "तुम्ही तो दिवा धरा. ऑरेस्ट, डावीकडे. आणखी. पोरी, तू नाही, तू बरोबर आहेस. आणखी इंचभर. हं. सोडा आता."