पुस्तकात नसलेला कुत्रा

"मी असो-नसो, गोष्ट अर्धवट सोडायची नाही. शब्द द्या," असं बायकोने सांगितलं होतं, आणि शिंप्याने मान डोलावली होती. ती गेली आणि पुस्तक कपाटावर तसंच पडून राहिलं. आज जेवणं आटोपल्यावर त्याने ते खाली काढलं, खुणेचं पान उघडलं. दोघी मुली त्याला चिकटून बसल्या.

गोष्ट होती वडील वारलेल्या एका मुलीची. ती आता नदीपलीकडे काकाकडे निघाली होती. शिंपी एका दमात वाचत सुटला.

"बाबा, श्वास घ्या की," ताई म्हणाली. "मशीन चालवताय का?"

तेवढ्यात पिटुकलीने पानावर हात ठेवला. "ढम्या कुठाय?"

"कोण ढम्या?"

"तिचा कुत्रा! दुमडल्या कानाचा. तुम्ही पान गाळलंत."

"छे गं, अक्षर न् अक्षर वाचतोय."

ताईने पुस्तक ओढून घेतलं, पार पहिल्या पानापर्यंत चाळलं. चित्रंसुद्धा पाहिली. कुत्रा औषधालाही नव्हता!

"पण आई वाचायची की! ढम्या तिच्या पायाशी झोपतो म्हणून," पिटुकली म्हणाली.

शिंपी चक्रावला. एवढा जिताजागता कुत्रा बायकोने आणला तरी कुठून?

"कधी आला गं तो?" त्याने विचारलं.

पिटुकली आठवू लागली. "तिचे बाबा वारले ना, तेव्हा. मी म्हटलं, आता हिच्याजवळ कोण झोपणार? आई थांबली, पाणी प्यायली. मग ढम्या आला."

शिंप्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टरांनी हात टेकले होते, तेच ते दिवस.

"म्हणजे ढम्या नाहीच?" पिटुकलीने विचारलं. "ती नदीवर एकटीच जाणार?"

ताई बापाकडे बघत राहिली. शिंप्याने उभ्या जन्मात मापाबाहेर एक टाका घातला नव्हता. गोष्ट रचणं तर दूरच, त्याला साधी थापही धड मारता येत नसे.

त्याने चष्मा पुसला.

"कुठला कान दुमडलेला?"

"डावा!" दोघी एकदम म्हणाल्या.

त्याने पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं, ओळीवर बोट ठेवलं. "मुलगी होडीत चढली," त्याने वाचलं. मग तो थांबला, घोटभर पाणी प्यायला.

"आणि तिच्यामागून," तो चाचरत, हळूच म्हणाला, "टुणकन उडी मारून..."